डिटर्मिन्ड की रेझोल्यूट?

शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘दृढनिश्चयी’ असंच लिहिलेलं सापडतं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. अर्थ जवळचे आहेत, पण वाक्यात एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही.

‘डिटर्मिन्ड’ची नजर पुढच्या कामावर असते. म्हणून त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा ‘टु’ आणि क्रियापद येतं: ‘शी इज डिटर्मिन्ड टु फिनिश द रेस’. काहीही झालं तरी शर्यत पुरी करायचीच, असं तिनं मनाशी पक्कं केलंय. इथे ‘रेझोल्यूट टु फिनिश’ म्हटलं तर कानाला खटकतं. रेझोल्यूटला बहुधा ‘इन’ लागतं: ‘शी वॉज रेझोल्यूट इन हर रिफ्यूजल’. नकार देऊन झालाय, लोक समजावताहेत, दबाव आणताहेत, तरी ती तसूभरही ढळत नाही. समोर विरोध असला की हा शब्द शोभतो, म्हणून तर ‘रिमेन्ड रेझोल्यूट’ ही जोडी इतकी रुळली आहे. रोजच्या बोलण्यात मात्र तो जड वाटतो. एखादी मुलगी परीक्षेसाठी झटून अभ्यास करत असेल, तर तिला डिटर्मिन्डच म्हणावं.

रेझोल्यूट नावाचं एक ब्रिटिश जहाजही होतं. १८५४ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात अडकल्यावर खलाशांनी ते सोडून दिलं; पुढच्या वर्षी ते वाहत आलेलं एका अमेरिकन व्हेलशिकारी जहाजाला सापडलं, तेही शाबूत. इतकं साजेसं नाव क्वचितच कुणाला मिळत असेल!

उच्चारातही जपायला हवं. डिटर्मिन्डचा शेवट ‘माइंड’ असा करू नये, आणि रेझोल्यूटमध्ये जोर ‘रे’वर द्यावा.

खरी फसगत होते ती विरुद्धार्थी शब्दांत. ठरवून पुन्हा कचरणारा, धड इकडे ना तिकडे असा माणूस ‘इरेझोल्यूट’. त्याला ‘अनडिटर्मिन्ड’ म्हणू नये, कारण ‘डिटर्मिन’ म्हणजे शोधून निश्चित करणं असाही अर्थ आहे. ‘द कॉज रिमेन्स अनडिटर्मिन्ड’ म्हणजे कारण अजून निश्चित झालेलं नाही. तसंच ‘द प्राइस इज डिटर्मिन्ड बाय डिमांड’ या वाक्यात निश्चयाचा काही संबंध नाही. किंमत मागणीवर ठरते, एवढंच ते सांगतं.