शीत रेणुमेघांचे रेडिओ मानचित्रण

तारे जन्मतात त्या थंड, दाट मेघांतील वायू कुठे किती आहे आणि कोणत्या वेगाने हलतो, हे रेडिओ दुर्बिणीने टिपून त्याचा नकाशा करण्याची पद्धत. कोकणातली पेरणी ज्यांच्यावर बेतलेली, ती रोहिणी आणि मृग (मालवणीत मिरग) ही दोन्ही नक्षत्रे अशाच मेघांच्या दिशेला आहेत. रोहिणीच्या दिशेचा, वृषभ राशीतील मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षे, मृगातला सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. खुद्द रोहिणीचा तारा मात्र ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे मेघाच्या पुष्कळ अलीकडे.

मेघांचे तापमान साधारण १० ते २० केल्विन, म्हणजे उणे २६३ ते उणे २५३ अंश सेल्सिअस. त्यांत मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात. पण हा रेणू सममित असल्याने इतक्या थंडीत जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. ज्याचा नकाशा हवा तोच मुका! म्हणून कार्बन मोनॉक्साइडची साक्ष काढतात. दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे तो जेमतेम एक; तरी टकरींनी फिरू लागतो आणि ११५.२७ गिगाहर्ट्झला, २.६ मिमी तरंगलांबीची रेषा (ठरावीक वारंवारतेचा रेडिओ संकेत) देतो. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियास यांनी किट पीकच्या ३६ फुटी दुर्बिणीने ती मृगातील तेजोमेघात प्रथम पकडली.

दुर्बीण मेघावरून ओळीओळीने फिरवली की प्रत्येक बिंदूचा वर्णपट मिळतो. रेषेच्या सरकण्यावरून वेग कळतो. दाट भागात ही रेषा अपारदर्शक होते, केवळ वरचा थर दिसतो. मग कार्बन-१३ किंवा ऑक्सिजन-१८ (त्या मूलद्रव्यांचे जड प्रकार) असलेल्या, याच वायूच्या विरळ रेणूंकडे वळावे लागते. अगदी थंड गाभ्यात तर कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठतो; तिथे अमोनिया उपयोगी पडतो. एकाच रेषेवरून काढलेले मेघाचे वस्तुमान त्यामुळे जपूनच घ्यावे.

मिलिमीटर लहरी हवेतील बाष्प शोषते. पावसाळ्यात कोकणावरच्या हवेतले सगळे बाष्प द्रवरूप केले, तर ५० मिमीहून जाड थर होईल. चिलीतील आटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, तो अनेकदा १ मिमीच्या आसपास असतो. ६६ अँटेनांची आल्मा दुर्बीण तिथे आहे ती याचसाठी. घाटमाथ्यापलीकडे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (४५ मीटरच्या ३० अँटेना) सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. तिला अणुरूप हायड्रोजनची २१ सेंमी रेषा मिळते, कार्बन मोनॉक्साइडची नव्हे. आल्माची बहुतेक निरीक्षणे वर्षभराने सर्वांना खुली होतात, त्यामुळे रत्नागिरीत भर पावसात बसूनही मिरगाच्या मेघाचा नकाशा करता येतो.