‘डोलकर’ नेमका कोण? कोळीगीतांतल्या दोन अर्थांची पार्श्वभूमी

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य असतंच. लाल रुमाल, पुठ्ठ्याची वल्ही, आणि गाण्यात ‘डोलकर’ आला की पोरं डावी-उजवीकडे झुलतात. निवेदनातही तोच अर्थ सांगितला जातो: लाटांवर डोलतो तो डोलकर. शब्दात ‘डोल’ आहे, समुद्रात होडी डोलते, शंकेला जागाच उरत नाही.

अर्नाळा, वसई, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मात्र डोल हे जाळ्याचं नाव आहे. तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं, लांबलचक पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करून ते खुंटांना बांधायचं आणि पुढचं काम पाण्यावर सोडायचं. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी आत शिरतात आणि शेपटीत साठतात. प्रवाह मंदावला की जाळं उपसायचं. उत्तर कोकणात वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, वाळत घातलेला बोंबील दिसतो तो बहुतेक डोलीचा. तेव्हा डोलकर म्हणजे डोल लावणारा. विणकर म्हणावं तसं ते धंद्याचं नाव आहे, त्यात झुलणं कुठेच नाही. उलट हे जाळं माशामागे धावतच नाही, एका जागी बांधून उभं असतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: कवीला दोन्ही अर्थ अभिप्रेत असतील, हा श्लेष आहे. असेल. पण श्लेष ऐकणाऱ्याच्या कानात घडतो आणि त्यासाठी दोन्ही अर्थ ठाऊक असावे लागतात. ज्याला जाळं माहीतच नाही त्याला एकच अर्थ ऐकू येतो, आणि तो त्यालाच काव्य समजतो. भर म्हणून शिडाच्या होडीची डोलकाठी मधे येते आणि काही जण डोलकर म्हणजे डोलकाठी सांभाळणारा असंही सांगतात. विहिरीवरच्या बादलीलाही डोल म्हणतात, पण सुदैवाने तिथवर अजून कुणी गेलेलं नाही. माझं मत विचाराल तर जाळ्याचा अर्थ आधी सांगायला हवा, मग खुशाल डोलावं. आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, विसरला गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर सूचितार्थ येऊन बसला.

पुनवेचंही तसंच. कोळीगीतात पुनव आली की शहरातल्या कानाला चांदणं ऐकू येतं, म्हणजे प्रेम. डोलीवाल्याला ऐकू येतं उधाण. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाण्याला ओढ जास्त असते, त्या दिवसांत डोल भरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा प्रवाह नरम पडतो आणि जाळं लुळं लोंबतं. पुनवेला घरधनी दर्यावर आहे अशी ओळ विरहाची खरीच, पण कमाईचीही आहे. ‘ओढ’ हा शब्दही मराठीत दोन्हीकडे चालतो, हे एक बरं आहे.

मागे जायचं तर सूचितार्थाची आपली परंपरा जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाहा सत्तसई या गाथासंग्रहात एक बाई गोदाकाठच्या धार्मिकाला सांगते की बिनघोर हिंड, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला इथल्या झाडीतल्या सिंहाने मारलं. म्हणते ‘हिंड’, अर्थ ‘फिरकू नकोस’. काव्यातल्या सूचितार्थाला ‘ध्वनी’ म्हणणाऱ्या काश्मीरच्या ध्वनिकारांनी ९व्या शतकात हीच गाथा उदाहरणाला घेतली. कोकणातल्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात शक्ती आणि तुरा हे दोन पक्ष एकमेकांना भेदिक, म्हणजे कोड्यातले, सवाल टाकतात. वरवर गोष्ट घराची, दारांची, उत्तर देहाचं. तिथे सूचितार्थ हा उघड करारच असतो, आणि तो न उलगडणारा शाहीर हरतो. शिमग्यात याच्या नेमकं उलट. शब्द उघडे-वाघडे आणि मागे कसलाच डाव नाही. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. धवळे हा शब्द १३व्या शतकातल्या महानुभाव कवयित्रीच्या रचनांनाही आहे. लग्नातल्या धवल्यांत आंबा, हळद, मांडव यांचे अर्थ विधीच सांगून टाकतो.

फरक पडला तो गाणं विधीतून सुटून तबकडीवर आलं तेव्हा. १९६०-७०च्या दशकांत कोळीगीतं रेडिओवरून आणि ध्वनिमुद्रिकांवरून घरोघर गेली. त्यातले काही नावाजलेले गीतकार कोळीवाड्यातले नव्हते. त्यांनी ठेका आणि शब्द उचलले, आणि उत्तम उचलले, यात वाद नाही. पण डोल, नाखवा, तांडेल हे शब्द त्यांच्या कामाविना पोचले. तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, नाखवा म्हणजे गलबताचा धनी. गाण्यात नाखवा सरसकट प्रियकर झाला. होड्यांना यंत्रं बसली, आणि ‘वल्हव’ हा प्रत्यक्ष हुकूम होता तो जुन्या दिवसांची आठवण झाला. पुढे कॅसेट आली, मग डीजे. मासळी विकणारीचा भाव करणं म्हणजे चावटपणा, हा अर्थ याच काळात पक्का झाला. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईला विचारा, भाव म्हणजे भावच.

नारळी पौर्णिमेच्या गाण्यांचा वाच्यार्थ तर नियमाने बदलला. पूर्वी नारळ सोडल्यावर होड्या लोटायच्या, म्हणून त्या दिवसाची वाट पाहणं शब्दशः खरं होतं. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी झाली, आणि २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा आली ३० ऑगस्टला. बंदी उठून महिना झाला होता. गाणी तीच वाजली.

दक्षिणेला मालवणात गेलं तर डोलकर हा शब्द तिथल्या कामातला नाहीच. तिथे रापण: किनाऱ्यावरून जाळ्याचा वेढा टाकायचा, दोन्ही टोकांना माणसांनी लागायचं आणि ओढून आणायचं. ती ओढणारे रापणकर. त्यांच्यावर डोलकराएवढं गाजलेलं गाणं झालं नाही. झालं असतं तर उन्हात रापतो तो रापणकर, असं एव्हाना निवेदनात आलं असतं.