पिकअपचा थर्मोस्टॅट बदलायचा तर खर्च किती? (आमच्या गॅरेजच्या गिऱ्हाइकांसाठी)

नारायणगाव, ओतूर, आळेफाटा भागातले बरेच पिकअपवाले गाडी लावायच्या आधीच विचारतात, "थर्मोस्टॅट वॉल टाकायचाय, किती घ्याल?" (वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिन तापलं की रेडिएटरकडं पाणी सोडणारा.) एका आकड्यात उत्तर दिलं तर नंतर बिलावरून कटकट होते, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. खालचे सगळे दर आमच्या गॅरेजचे आहेत, दुसरीकडे थोडे वरखाली असतील.

साध्या डिझेल पिकअपला, म्हणजे बोलेरो पिकअप आणि त्याच टाईपच्या गाड्यांना, नुसता वॉल ४५० ते ९०० रुपयांत येतो. गॅस्केट नाहीतर ओ-रिंग (जोडातून गळू नये म्हणून लावायचं पॅकिंग) ५०-६०, मजुरी ५००. एवढंच असतं तर काही प्रश्नच नव्हता, पण वॉल काढायचा म्हणजे कुलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते) खाली सोडावं लागतं आणि खरं बिल तिथं वाढतं. कुलंट नवीन भरायचं झालं तर आमच्याकडे ३५० रुपये लिटर, त्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळतो, तर असं धरून सगळं १८०० ते २५०० मध्ये बसतं. तुमचं कुलंट अलीकडेच टाकलेलं असेल आणि स्वच्छ असेल तर आम्ही ते टबात धरून परत तेच भरतो, मग ११०० ते १५०० मध्ये काम होतं. ते तुमच्यासमोर बघूनच ठरवू. पार्टवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झालाय, वरचे आकडे तो धरूनच आहेत, बिल पक्कं मिळेल.

काही नवीन मॉडेलला वॉल सुटा मिळतच नाही, हाउसिंगसकट (वॉल ज्यात बसतो ते घर) अख्खा सेट घ्यावा लागतो, तिथं फक्त पार्टचेच १५०० ते ३००० धरा.

आणि एक खर्च आधी सांगता येत नाही तो म्हणजे बोल्ट. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत तो बोल्ट आतल्या आत पांढरा होऊन धरून बसतो, आम्ही आधी गंजाचं तेल मारून ठेवतो, थोडा सैल थोडा घट्ट असं करत करत हळूहळू काढतो, तरीसुद्धा एखादा मुंडी तुटून हातात येतोच. मग ड्रिल मारून उरलेला तुकडा काढायचा, आटे पुन्हा पाडायचे, त्याचे ३०० ते ६०० जादा. हाउसिंगचं तोंड खारानं खाल्लेलं असेल तर नवीन गॅस्केट टाकूनही गळणार, तेव्हा हाउसिंगच बदला असं आम्ही सांगू. पण फोन केल्याशिवाय काहीच टाकणार नाही.

आता मूळ मुद्दा. गाडी गरम होते म्हणजे थर्मोस्टॅटच गेला असं नसतं, आणि हे आम्ही स्वतःचं काम घालवून सांगतोय. रेडिएटरच्या जाळीत भुसा-चिखल बसलाय, बेल्ट ढिला आहे, फॅनचं व्हिस्कस कपलिंग (इंजिनाचा फेरा फॅनला देणारा जोड) पकडत नाही, पाण्याचा पंप गेलाय, किंवा रेडिएटरचं साधं झाकण प्रेशर धरत नाही, यातलं काहीही असू शकतं. झाकण बदलून मोकळे झालेले कितीतरी आहेत. वॉल बंद अवस्थेत अडकला असेल तर बहुतेक गाड्यांत टेंपरेचरचा काटा वर गेलेला असतो तरी रेडिएटरचा वरचा पाईप कोमटच लागतो (हात जपून, फॅनपासून लांब). उलट वॉल उघडा राहिला असेल तर थंडीत सकाळी काटा लवकर वर येतच नाही, माळशेजला मुरबाडकडं उतरताना आणखी खाली पडतो, आणि डिझेल जास्त जातं. हा दुसरा प्रकार कोणी मनावर घेत नाही कारण गाडी कुठं बंद पडत नाही. तपासणीचे १५० घेतो, काम आमच्याकडेच केलं तर ते बिलातून वजा.

वॉलच्या पोटात मेणाची छोटी डबी असते. पाणी तापलं की मेण फुगतं, दांडा ढकलतं, स्प्रिंग दाबली जाते आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतो. कितीला उघडायचा तो आकडा वॉलवर कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ डिग्री वगैरे. आम्ही जुना आणि नवीन दोन्ही वॉल पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लटकवून गॅसवर तापवतो, बाजूला थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर रीडिंग चुकतं. आकड्याच्या आसपास फट दिसायला लागते, पुढं दहा-बारा डिग्रीत पूर्ण उघडतो. नवीन लोकल पीससुद्धा यात कधी कधी नापास होतो. तुम्ही उभे राहून बघा, चहा होईपर्यंत निकाल लागतो.

"वॉल काढूनच टाका, कटकट नको" हे रोज ऐकतो. आम्ही ते काम करत नाही. वॉल नसला की इंजिन थंड चालतं, ऑइल जाड राहतं, लायनर-रिंग लवकर झिजतात, डिझेल पितं. शिवाय ज्या वॉलला खालून बायपास बंद करणारी चकती असते तो काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं, म्हणजे ज्याच्यासाठी काढला तेच, घाट चढताना गाडी उलट जास्त गरम. आणि एकदा हेड गॅस्केट उडाली, हेड फेसिंगला (तोंड सपाट करून घ्यायला) गेलं, की आमच्याकडे १५-२० हजारांच्या आत काम होत नाही.

बोअरचं पाणी भरू नका, खार वॉलवर बसतो. दोन वेगळ्या प्रकारचं कुलंटही मिसळू नका, रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नसतं.

कामाला तास-दीड तास लागतो, पण इंजिन थंड झाल्यावर. गरम गाडीचं झाकण आम्ही उघडत नाही, तुम्हीही रस्त्यात उघडू नका. भरल्यावर हवा काढायला गाडी चालू ठेवून वेळ द्यावा लागतो, तिथं घाई करू नका, हवा राहिली की काटा परत वर जातो आणि बोल नव्या वॉलला. कंपनीच्या पार्टवर आमची ६ महिन्यांची वॉरंटी, लोकलवर नाही. जुना पार्ट हातात देतो.

टोमॅटोच्या सीझनला सकाळी मार्केटच्या गाड्यांची गर्दी असते, तर दुपारी ३ नंतर या. आदल्या दिवशी आरसी बुकचा फोटो पाठवला तर चेसिस नंबरवरून बरोबर तोच वॉल मागवून ठेवतो, नाहीतर पार्ट येईपर्यंत गाडी उघडी पडून राहते आणि तुमचं त्या दिवसाचं भाडं जातं.