पैसा कंपनीचा की निष्कर्ष कंपनीच्या पथ्यावर?

लठ्ठपणा खरंच किती घातक, यावर वाद पेटला की कुणीतरी ठरलेला शेरा मारतोच: 'कंपन्यांनी पैसे चारले असणार.' कधीकधी चारलेले असतातही. पण कंपनीच्या पैशाने झालेलं संशोधन वेगळं आणि कंपनीच्या पथ्यावर पडलेलं वेगळं.

पहिला प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. खाण्यापेक्षा व्यायामाकडे बोट दाखवणारं 'ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क' उभं करायला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले. २०१५ मध्ये बिंग फुटलं आणि वर्ष संपायच्या आत दुकान बंद झालं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, विषय संपला.

घोळ होतो तो दुसऱ्यात. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये चुकीचा आहार आणि बैठेपणाचे वर्षाला ४ लाख बळी काढले. पुढे चूक दुरुस्त करून ३ लाख ६५ हजार केले. २००५ मध्ये सीडीसीच्याच कॅथरीन फ्लेगल यांच्या गणितात लठ्ठपणाचे जादा मृत्यू निघाले सुमारे १ लाख १२ हजार. शिवाय बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) २५ ते ३० असलेल्यांत, म्हणजे लठ्ठ नव्हे, नुसतं वजन जास्त असलेल्यांत, मृत्यू 'नॉर्मल' वजनवाल्यांपेक्षा उलट कमीच. हॉटेल आणि खाद्य उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या 'सेंटर फॉर कन्झ्युमर फ्रीडम'ला आयतं कोलीत मिळालं. त्यांनी जाहिराती ठोकल्या.

आता जाहिरात पाहून संशोधक विकला गेला म्हणायचं? पगार सरकारी, आकडे सरकारी सर्वेक्षणाचे. जाहिरात आली ती निबंध छापून झाल्यावर. पैशाचा संशय घ्यायचा तर अभ्यासाआधीचा बघा: खर्च कुणी केला आणि मुळात प्रश्न कुणी ठरवला? कंपनी बहुधा आकडे खोटे करत नाही, प्रश्नच सोयीचा निवडते.

फ्लेगल यांच्यावर खरा आक्षेप पद्धतीचा होता: सिगारेट ओढणारे आणि आजाराने वाळलेले लोक 'नॉर्मल' वजनाच्या गटात शिरले, तर तो गट उगाच धोक्याचा दिसतो. हार्वर्डचे आहारतज्ज्ञ वॉल्टर विलेट यांनी तर फ्लेगल यांच्या २०१३ च्या अशाच निबंधाला चक्क कचरा म्हटलं. भाषा मला आवडली नाही, पण भांडण निदान योग्य जागी होतं.

आणि लठ्ठपणाची भीती घालणाऱ्या अभ्यासाला वजन उतरवणाऱ्या औषधांच्या कंपनीचा पैसा असला, की हेच शेरेबाज गप्प! फ्लेगल यांचा २००५ चा निबंधही ते उघडत नाहीत. त्या १ लाख १२ हजारांतले सुमारे ८२ हजार मृत्यू ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्यांचे आहेत. हा आकडा कुठल्याही हॉटेलवाल्याच्या सोयीचा नाही.