ओसीआय कार्ड: कोणाला मिळतं, काय लागतं

"आमच्याकडे आता दोन्ही देशांचं नागरिकत्व आहे," असं परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक लग्नकार्यात हमखास सांगतात. तसं नसतं. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. ओसीआयच्या (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) नावात ‘सिटिझन’ असलं, तरी हातात पडतो तो आयुष्यभराचा व्हिसा. कितीही वेळा या, हवं तितकं राहा, एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) नोंदणी नको. पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने येऊ शकते, हे गावाकडच्या चुलत्यांनाही माहीत असलेलं बरं.

26 जानेवारी 1950 रोजी किंवा नंतर भारतीय नागरिक असलेली व्यक्ती, तिची मुलं, नातवंडं, पतवंडं पात्र ठरतात. 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातले लोकही. म्हणूनच पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले गोंयकार यात बसतात. परदेशी जोडीदारासाठी लग्न नोंदणीकृत हवं आणि अर्जाआधी सलग 2 वर्षं टिकलेलं. स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबांपैकी कोणी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल, तर अर्ज चालत नाही.

अर्ज सरकारच्या ओसीआय पोर्टलवर भरायचा: आधी भाग अ, मग भाग ब, फोटो-सही आणि कागद अपलोड. चालू परदेशी पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी. सोबत रद्द केलेला भारतीय पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो पासपोर्ट सरकारला परत केल्याचा दाखला. गाडी अडते ती बहुतेकदा इथेच, कारण जुना पासपोर्ट कपाटात तसाच पडलेला असतो. तो आधी सरेंडर करा. त्यावर प्रवास करणं तर गुन्हाच आहे.

आजोबांच्या नावावर अर्ज असेल, तर मधल्या प्रत्येक पिढीचा जन्मदाखला लागतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदलतं. आईच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि तुमच्या दाखल्यावर सासरचं, तर दुवा जोडायला तिचा विवाह दाखला जोडा.

मुलांचं कार्ड विसाव्या वर्षाआधी काढलं असेल, तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की ते एकदा नव्याने काढावं लागतं. त्याआधीच्या प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो पोर्टलवर चढवला की पुरतं.