स्वस्तातली क्रूझवाली जुनी गाडी: बयाणा देण्याआधी वाचा

मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला आणि आमच्या गॅरेजात येणाऱ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, लिटरला किती देते? आता खारेपाटणपासून झारापपर्यंत गाडी सरळ पळते, तर विचारतात, क्रूझ आहे का, म्हणजे पेडलवरून पाय काढला तरी लावलेला वेग धरून ठेवणारं बटण? आणि बजेट किती म्हटलं की उत्तर येतं, दीड लाख, फार तर दोन.

मिळते. दोन लाखांच्या आसपास क्रूझ कंट्रोलची गाडी खरंच मिळते. पण त्या बटणासाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या बटणाचा खरा उपयोग गाडी घेतल्यावर नाही, घेण्याआधी आहे. विकणाऱ्याला शेजारी बसवून ते एकदा दाबून बघायचं. ते कसं आणि का, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

इतकी स्वस्त का?

या भावात क्रूझ देणाऱ्या गाड्या साधारण २०१० ते २०१५ च्या, आणि त्या काळात हे बटण महागड्या मॉडेललाच असायचं. शेवरले क्रूझ, स्कोडा लॉरा, २०११ ची फोर्ड फिएस्टा, महिंद्राची एक्सयूव्ही ५००, अशी ती मंडळी. (शेवरलेच्या गाडीचं नावच क्रूझ आहे, बटणाशी त्याचा संबंध नाही. एका गिऱ्हाइकाने नाव वाचून खालचं मॉडेल घेतलं आणि बटण शोधत आमच्याकडे आला.) जनरल मोटर्सने २०१७ साली भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि या गाड्यांचे भाव घसरले. भाव घसरला म्हणजे गाडी वाईट, असं नाही. पण एक हिशेब डोक्यात ठेवा: गाडी दोन लाखांची झाली तरी तिचे पार्ट बारा-पंधरा लाखांच्या गाडीचेच राहतात. क्लच, टर्बो, इंजेक्टर यांना तुमची गाडी किती जुनी आहे हे माहीत नसतं. कुडाळात पार्ट मिळत नाही, पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो, तोवर गाडी आमच्या दारात उभी. म्हणून जेवढ्याला गाडी घ्याल, त्याच्या निदान चौथाई रक्कम बाजूला काढून ठेवा. ती नसेल तर क्रूझचा नाद सोडून साधी वॅगनआर बघा. आम्ही ती आनंदाने शोधून देऊ.

बटण नेमकं काय करतं

या गाड्यांत एक्सलेटरला थ्रॉटल ओढणारी तार नसते. तुम्ही पेडल दाबता, पेडलचा सेन्सर संगणकाला सांगतो, आणि संगणक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो. डिझेल असेल तर डिझेल वाढवतो. क्रूझ लावलं की तुमच्या पायाच्या जागी संगणकच ठरवतो: वेग कमी झाला, थोडं वाढव; जास्त झाला, थोडं सोड. एवढंच. साध्या क्रूझला पुढची गाडी दिसत नाही, ते ब्रेकही मारत नाही. ही कल्पना राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची, ज्याची दृष्टी लहानपणीच अपघातात गेली होती. गाडी चालवणारा बोलता बोलता वेग कमी-जास्त करतो, त्या धक्क्यांचा त्याला वैताग यायचा, असं सांगतात. पेटंट १९५० चं, आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. गाडी कशी चालली आहे हे डोळ्यांवाचून कसं कळतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

आता मुद्दा. संगणक क्रूझ चालू करण्याआधी बऱ्याच जणांची साक्ष घेतो. ब्रेक पेडलचा स्विच, क्लचचा स्विच, चाकाचे किंवा गिअरबॉक्सचे वेगाचे सेन्सर, एक्सलेटरचा सेन्सर, स्टिअरिंगमधली वायरिंग. यातला एकजण जरी गडबडला, तरी बहुतेक गाड्या क्रूझ घ्यायला नकार देतात. इंजिनाचा पिवळा दिवा पेटण्यासारखा दोष असेल तरी बऱ्याच गाड्यांत क्रूझ बंद होतं. दिवा काय, विकणारा मीटर उघडून काढून टाकतो किंवा त्याच्यावर टेप मारतो. पण संगणकाला टेप मारता येत नाही. म्हणून दोन लाखांच्या गाडीत हे बटण म्हणजे फुकटात मिळालेला तपासनीस समजा.

तपासणी कशी करायची

आधी चावी पुढे फिरवा, इंजिन चालू करू नका. मीटरवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे, म्हणजे इंजिन, एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आधी पेटले पाहिजेत. मग इंजिन चालू केलं की काही सेकंदांत विझले पाहिजेत. पेटलेलाच राहिला तर दोष आहे. मुळात पेटलाच नाही तर लबाडी आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट.

मग कोरडा दिवस बघून सकाळी, वर्दळ नसताना, महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर न्या. बऱ्याच गाड्यांत चाळीसच्या खाली क्रूझ लागतच नाही, तेव्हा साठ-सत्तरवर आणा. ऑन दाबा, मग सेट. पाय पेडलवरून काढा, पण ब्रेकच्या वर तयार ठेवा. वेग धरून राहिला पाहिजे. आता ब्रेकला नुसता अंगठा लावल्यासारखा स्पर्श करा, क्रूझ लगेच सुटलं पाहिजे. रिझ्यूम दाबा, परत त्याच वेगावर आलं पाहिजे. मग क्लच दाबून तेच. ब्रेक लावूनही क्रूझ सुटत नसेल, तर गाडी बाजूला घ्या, चावी परत द्या आणि रिक्षाने घरी या.

लागलंच नाही तर? विकणारा म्हणेल, ‘फ्यूज गेलाय ओ, बाकी गाडी एकदम टाप आसा.’ असेल बिचारा खरं बोलत. मग सांगा, फ्यूज घाला आणि दाखवा. फ्यूजला जेवणाइतकेही पैसे लागत नाहीत. आमचा अनुभव असा, की सगळ्यात जास्त वेळा ब्रेक पेडलचा स्विच गेलेला निघतो. तो काही शंभरांत होतो. त्याच वेळी मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट बघा. लागत नसतील किंवा सतत पेटलेले असतील तर तोच चोर. एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर. आणि क्रूझही नाही, हॉर्नही वाजत नाही, वर एअरबॅगचा दिवा पेटलाय, असं तिन्ही एकत्र दिसलं, तर स्टिअरिंगच्या मागची गुंडाळलेली पट्टी, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती तुटलेली असण्याची शक्यता मोठी. हे काम हजारांत जातं, आणि पट्टी तुटली म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. भाव करताना ही गोष्ट तोंडावर सांगा.

एक आवडती चाचणी चढावरची. क्रूझ लावून वरच्या गिअरमध्ये चढाला घाला. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा वर सरकतोय आणि वेग मात्र तोच, किंवा कमी होतोय, तर क्लचप्लेट संपली. सपाटीवर गाडी हळूच ओढते-सोडते, ओढते-सोडते, तर थ्रॉटल घाण झालाय किंवा कुठेतरी हवा शिरतेय.

क्रूझ नीट चाललं म्हणजे गाडी पास, असं मात्र समजू नका. ही परीक्षा वायरिंगची आणि सेन्सरची. पत्रा, इंजिनाचं काँप्रेशन, सस्पेन्शन यांतलं संगणकाला काही कळत नाही. तिथे डोळे आणि हात लागतात.

कोकणातली गाडी, कोकणातले रोग

वेंगुर्ला, मालवण, देवगड बाजूला बंदराजवळ राहिलेली गाडी वरून चकचकीत असते. गंज खालून येतो. दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर आणि मुख्य म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघा. खाली ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने टकटक करा. पत्रा खणखणीत वाजला पाहिजे. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी वर्षभर तिथे गळलं असेल, तर वास गेला तरी गंज सांगतो. आंब्याच्या पेट्या वाहिलेली गाडी परवडली. मागचं सस्पेन्शन बसलेलं असतं, पण पत्रा शाबूत.

पुरातली गाडी हा मोठा धोका. २००५ च्या आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या काही धुऊन पुसून विकल्या गेल्या असतील असं धरूनच चाला. पूर आमच्या इथेही येतो, कर्लीला आणि तेरेखोललाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर थांबा. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि डॅशबोर्डच्या खालच्या जोडण्यांवरची हिरवट बुरशी हेही तेच सांगतात. क्रूझवाल्या गाडीत वायरिंग जास्त, म्हणून पाण्यात बुडालेली अशी गाडी कधीच सुधारत नाही. आज एक जोडणी, गणपतीत दुसरी. पर्यटकांनी किनाऱ्यावर उतरवलेली आणि भरतीत सापडलेली गाडी तर त्याहून वाईट, कारण तिथलं पाणी खारं.

आणि चाकरमान्यांची गाडी. ‘गाडी फक्त गणपतीत नि शिमग्यात काढतंय, किलोमीटर बघा किती कमी,’ हे खरंच असतं. पण अकरा महिने फणसाखाली उभी राहिलेली गाडी थकत नाही, झिजत नाही, ती सडते. उंदीर वायरिंग खातात, ब्रेक धरून बसतात, खिडक्यांच्या रबरांवर शेवाळ येतं. टायरची नक्षी नवी दिसते, पण बाजूचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. असे टायर लावून क्रूझ लावणं म्हणजे मरण विकत घेणं. चार टायरचे पैसे भावातून वजा करा.

कागद

गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत ती तुमची नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठी. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणारे एजंट भेटतील. त्यांच्याकडून घेऊ नका, आणि गाडी विकताना तुम्हीही असं करू नका. अपघात झाला तर कोर्ट ज्याचं नाव कागदावर त्याला विचारतं. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा दाखला आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चलनं किती थकलीत हे गाडीचा नंबर घालून मोबाईलवर दिसतं, तेवढं तरी स्वतः बघा.

वयाचा हिशेब फार जण विसरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०११ ची गाडी २०२६ मध्ये पंधराची होते, मग फिटनेस, पाच वर्षांचं नूतनीकरण, ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर. वीस वर्षांच्या पुढे फी १०,००० रुपये. ‘स्वस्त’ गाडीला पासिंगसाठी तयार करायचा खर्च याहून मोठा असतो.

गोव्याच्या नंबरची गाडी बांदा-सावंतवाडीकडे सर्रास फिरते, म्हणून ती तशीच चालते असं वाटतं. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचं ना हरकत, इथली नोंदणी आणि इथला कर लागतो. डिझेल गाडीला कराचा दर जास्त. दिल्लीहून येणाऱ्या डिझेल गाड्या आणखी स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली. ट्रकवरून आणण्याचं भाडं, ना हरकत आणि कर मिळवलात की स्वस्ताई संपते. विम्याचंही लक्षात ठेवा: आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

घेतलीत तर कुठे वापरायचं

कणकवली ते झाराप, कोरड्या दिवशी, पाटीवरच्या मर्यादेत. बस. आंबोली, फोंडा, गगनबावडा, कुठल्याच घाटात नाही. उतारावर साधं क्रूझ गाडी आवरू शकत नाही. पावसात अजिबात नाही. साचलेल्या पाण्यावर चाक तरंगलं की क्रूझला वाटतं वेग कमी झाला, ते आणखी दाबतं. आणि रात्री महामार्गावर गुरं बसलेली असतात. त्यांना तुमच्या ऐंशीच्या सेटिंगचं काही देणंघेणं नाही.

नंतर बसवून मिळणारी क्रूझची किट बरेच जण विचारतात. ती आम्ही बसवत नाही. ब्रेक लावल्यावर ती सुटेलच, याची खात्री देऊ शकत नाही अशी वस्तू गिऱ्हाइकाच्या पायाखाली ठेवायची नाही, हा आमचा नियम आहे.

तपासणीसाठी गाडी सकाळी आणा, आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की त्या दिवशी ती आधी चालू करायची नाही. थंड इंजिन खरं बोलतं. सोबत आरसी, विमा आणि सर्व्हिसची असतील तेवढी बिलं. आम्ही गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावतो. कुणी आदल्या दिवशी दोष पुसून आणले असतील तर बहुतेक वेळा तेही कळतं. विकणारा गाडी गॅरेजात आणायला तयार नसेल तर तपासणीचे पैसे वाचले असं समजा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र आम्ही हे काम घेत नाही, तेव्हा मुंबईहून आलेल्या गाड्यांनी अंगण भरलेलं असतं.