ग्रब२ रासला चालू करत नाही, सॉस करतं

नागपुरात एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की एक वाक्य हमखास भेटतं: ‘ग्रब२ रासला सक्रिय करते.’ काही जण तर ‘फॉस्फोरिलेट करते’, म्हणजे फॉस्फेट चढवते, असं लिहून मोकळे होतात. दोष आकृत्यांचा. बाहेरचा वाढीचा निरोप पेशीत पोहोचवणारी ही प्रथिनांची साखळी: निरोप झेलणारा रिसेप्टर, ग्रब२, सॉस, रास, अन् मधे सगळे बाण एकाच छापाचे. त्या बाणांवर माझा जुना राग आहे.

रिसेप्टरचं तुम्हाला पाठच असेल: ईजीएफ हा वाढीचा निरोप आणणारा रेणू बसतो, दोन रिसेप्टर जोडीने येतात, एकमेकांच्या शेपटीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. म्हणजे रिसेप्टर स्वतः एन्झाइम. ग्रब२ मात्र नाही. २१७ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात पकड घेणारे तीन भाग, मधे एक एसएच२, दोन्ही टोकांना एकेक एसएच३, बस. एसएच२ फॉस्फेटवालं टायरोसिन धरतं, एसएच३ सॉसची प्रोलीनने भरलेली शेपटी. इतवारी बाजारातला दलालच म्हणा: माल त्याचा नाही, पैसाही नाही, पण दोन पार्ट्या समोरासमोर आणतो तो.

‘मग मॅडम, ग्रब२ सॉसला तरी चालू करतं ना?’ खरी गोम इथेच आहे. ग्रब२-सॉस ही जोडी ईजीएफ यायच्या आधीपासूनच पेशीद्रवात जुळलेली सापडते. ईजीएफमुळे मुख्यतः बदलते ती सॉसची जागा. रास लिपिडच्या शेपटीने पेशीपटलाच्या आतल्या अंगाला रोवलेलं असतं. ग्रब२ रिसेप्टरला चिकटलं की सॉस आपसूक रासच्या शेजारी येतं, बंद रासने धरलेला जीडीपी हा छोटा रेणू सैल करतं, आणि पेशीत मुबलक असलेला जीटीपी रिकाम्या जागी बसतो; हेच रासचं चालू होणं. यात रासवर फॉस्फेट चढवण्याचा संबंधच नाही. १९९४ मध्ये सॉसला लिपिडचा नांगर जोडून थेट पटलावर बसवलं, तर ईजीएफशिवायच रास सक्रिय झालं! म्हणून ‘ग्रब२चं एसएच२ बिघडलं तर?’ याचं उत्तर: सॉस शाबूत, जोडीही शाबूत, पण या वाटेने रासपर्यंत पोहोचणं बंद.

अडॅप्टर (ग्रब२सारखं दोघांना जोडणारं प्रथिन) आणि स्कॅफोल्ड (अनेकांना एकत्र धरणारं प्रथिन) यांच्यातल्या फरकावर पानं खर्चू नका, सीमारेषा पुसटच आहे. त्यापेक्षा ‘अडॅप्टर म्हणजे सिग्नल वाढवणारा’ हे आधी खोडा. ग्रब२चं तेच एसएच३ सीबीएल या एन्झाइमलाही धरून रिसेप्टरपाशी आणतं, आणि सीबीएल त्याच रिसेप्टरवर युबिक्विटिन ही विल्हेवाटीची खूण लावून त्याची लायसोसोमकडे, पेशीच्या कचरा पचवणाऱ्या कप्प्याकडे, रवानगी करतं.